वीतभर झिंगा

नव्या माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात. सरांनी मला पहिल्या भेटीत विचारले ते पोटाबद्दल.

"धुळ्याचं पाणी मानवलं का? पोट काय म्हणतं?"

मी साताऱ्याकडची. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवात होती. धुळ्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि वरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला त्यांच्या दारात उभी होते. सर त्याच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, बुशशर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चिमटा, आणि अंगाला शेवाळाचा, चिखलाचा वास. गोंधळून मी खरे तेच बोलले. म्हटले, "जरा जड वाटतं."

"वाटणारच. तुमच्या पोटात अजून साताऱ्याची वस्ती आहे. त्यांना इथली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी ठाऊक नाही. हळूहळू ते उठतील, इथले येऊन राहतील. मग तुम्ही धुळ्याच्या. जिना मागच्या अंगाला आहे. हौदाच्या कडेनं जा, पाण्यावर सावली पाडू नका."

एवढ्या बोलण्यात मी त्या घरची झाले.

घरात माणसे दोनच: सर आणि त्यांची थोरली, विधवा बहीण. तिला सारी गल्ली अक्का म्हणे. सर बोलत ते व्याख्यानातले, कडक इस्त्रीचे मराठी. अक्का अहिराणीखेरीज दुसरे काही बोलत नसे. अंगण मात्र माणसांचे नव्हतेच. ते सिमेंटच्या हौदाने व्यापले होते आणि हौदात गोड्या पाण्यातले झिंगे होते. पुस्तके त्यांना कोळंबी म्हणतात. त्या घरात ते झिंगेच.

पहिल्याच संध्याकाळी अक्काने पोळपाटावर हात चालवता चालवता मला घराचा इतिहास सांगून टाकला. "बायको गयी आन झिंगा उनात," असे तिने सुरू केले, मग लाटणे थांबवून स्वतःलाच दुरुस्त केले. "नही, पहिले झिंगा उनात. मंग बायको गयी." म्हणजे झिंगे आधी आले, बायको नंतर गेली.

सरांच्या पत्नी शाळेत गाणे शिकवत. त्यांना मी पुढे बाई म्हणू लागले, म्हणून इथेही बाईच म्हणते. हौदाच्या जागी पूर्वी त्यांचा जाईचा मांडव होता. तो गेला, ते त्यांनी चालवून घेतले. न्हाणीघरातल्या घंगाळात पिल्ले पोहू लागली, तेव्हा मात्र त्यांनी जळगावच्या शाळेतली जागा स्वीकारली. बसमध्ये चढताना गल्लीतल्या चार लोकांदेखत म्हणाल्या, "तुमचा एक तरी झिंगा माझ्या वितीएवढा होऊ द्या. मग बोलवा. येईन."

तो टोमणा होता. दुसरा कोणी असता तर हसला असता, चिडला असता, किंवा हातातली बॅग धरून 'उतर खाली' म्हणाला असता. सरांनी तो टोमणा जसाच्या तसा उचलून प्रयोगाचा उद्देश म्हणून मांडला. त्या दिवसापासून त्यांचे सारे आयुष्य एका वितीकडे निघाले होते. गल्लीला हे पाठ होते. दूधवाला माप ओतताना विचारी, "काय सर, कितपत आला?" आणि सर थट्टेची नोंदही न घेता मिलिमीटरमध्ये उत्तर देत.

झिंग्यांचा जन्म खाऱ्या पाण्यात होतो आणि वाढ गोड्या पाण्यात. त्यामुळे बीज आणायला सर दरसाल समुद्रकाठी जात. "यांचं माहेर खारट आणि सासर गोड," असे ते एकदा कौतुकाने म्हणाले, तर अक्का चुलीपुढून म्हणाली, "सासर इतलं गोड शे तं तुनी बायको कसाले गयी रे?" सर त्या प्रश्नाचा खरोखर विचार करत बसले. भात निवाला.

एकदा नाशिकच्या स्थानकावर ते मला भेटले आणि आम्ही एकाच एसटीने परतलो. मांडीवर, शेजारच्या आसनावर, प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्यांवर ओले टॉवेल. कंडक्टर आला.

"मास्तर, हे सामान टपावर टाका."

"सामान नाही. प्रवासी आहेत."

"मग तिकीट काढा की त्यांचं."

"तान्ह्या मुलांना तिकीट नसतं."

कंडक्टरने वैतागून एक पिशवी खिडकीच्या उजेडात धरली. "यात तर काहीच नाही."

"बघत राहा. आधी डोळे दिसतील."

तो बघत राहिला. पाण्यात, पाण्याच्याच रंगाची, पापणीच्या केसाएवढी पिल्ले. आणि मग एकाएकी खसखशीसारखे शेकडो काळे डोळे. त्याने पिशवी फार जपून सरांच्या मांडीवर परत ठेवली आणि पुढे ओरडला, "हळू घे रे, लेकुरवाळी गाडी आहे!"

माझ्या वास्तव्याच्या पहिल्या वर्षी सरांनी सारे पुस्तकाप्रमाणे केले. हौद घासून घेतला, पाणी गाळून भरले, गुरांच्या औषधांच्या दुकानातून जंतू मारणारे औषध आणून ते खाद्यात मिसळले. हौदाचा तळ आरशासारखा दिसे. एकही झिंगा आजारी पडला नाही. आणि एकही वाढला नाही. दिवाळी आली तरी सारे करंगळीएवढेच. अक्का कठड्यावर हात टेकून म्हणाली, "आजारी बी नही, मोठा बी नही. बठ्ठा तुनासारखाच." सगळेच्या सगळे सरांसारखे.

लहान झिंगा काचेसारखा पारदर्शक असतो. उजेडात धरला की त्याच्या पाठीतून जाणारी एक काळी रेघ दिसते. ती त्याची आतडी. अन्न मिळाले की रेघ गडद होते, ओसरले की फिकटते. एखाद्याची भूक अशी उघड्या डोळ्यांनी पाहायची, हे मला तेव्हा फार कोवळे आणि फार निर्दय वाटले होते. त्या दिवाळीनंतर सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावले. सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या हौदातल्या झिंग्याची ती रेघ उलगडून ठेवली होती.

"या मॅडम. रिकामी धर्मशाळा बघा."

मला करडे धुके दिसले. मग त्यांनी दुसरी काच सरकवली. पांझरा नदीच्या डोहातून पकडलेल्या रानटी झिंग्याची. तिथे धुके नव्हते. तिथे ठिपके, काड्या, कण्या, सारे हलत होते, एकमेकांना ढकलत होते.

"हा साक्रीचा आठवडेबाजार," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. "यांतलं कुणी पीठ फोडतं, कुणी कोंडा. कुणी काहीच करत नाही, नुसती जागा अडवून बसतं. पण त्यामुळे वाईटाला शिरायला जागा उरत नाही. मी औषध घातलं आणि सगळा बाजार उठवला. आता अन्न पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. अंगी लागत नाही. पोट भरलं म्हणजे जेवण झालं, असं नसतं."

थोड्या वेळाने काच पुसत ते पुन्हा म्हणाले, "स्वच्छ केलं मी सगळं." त्या क्षणी ते फक्त हौदाविषयी बोलत होते असे मला वाटले नाही. पण सरांच्या बोलण्यात दुसरा अर्थ शोधणे हा माझा धंदा होता, त्यांचा नव्हे.

पुढच्या वर्षी त्यांना वस्ती हवी होती. ती त्यांना अक्काच्या पातेल्यात सापडली. खानदेशात उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालतात. त्यासाठी ज्वारी भिजवून दिवसचे दिवस आंबवतात. घरभर एक आंबट-गोड, फेसाळ वास भरून राहतो. सरांनी ते पाणी थेंबभर काचेवर घेतले आणि ओरडले, "बाजार!" मग काय, ज्या दिवसांत ओल्या लाकडांनी चूल पेटत नाही, त्या भर श्रावणात आमच्या घरी बिबड्यांची ज्वारी आंबू लागली. शेजारणी नाक मुरडत डोकावत.

"अक्का, पाऊसमा बिबडा कोन करस व?"

"झिंगासनं केळवण शे," अक्का तोंड फिरवून सांगे. आणि त्या बाया गेल्या की मला म्हणे, "त्याले काय सांगू? त्याना डोकामा पानी शे, आन पानीमा झिंगा शेतस." पण ज्वारी ती न चुकता भिजवी. भावजय परत यावी, ही इच्छा तिने कधी उच्चारली नाही. ती सकाळी उठून पातेल्यावरचे फडके वास घेऊन पाही, एवढेच.

आणि झिंगे वाढू लागले.

झिंगा रोज थोडाथोडा वाढत नाही. तो कवचात दाटत जातो, एके दिवशी कात टाकतो, आणि नवे कवच घट्ट होण्याआधीच्या मऊ घटकेत वाढायचे तेवढे वाढून घेतो. पहाटे पाण्यावर त्यांचे काचेचे अंगरखे तरंगत. सर ते तळहातावर घेत आणि त्या दिवशी अंगणात कोणाला मोठ्याने बोलू देत नसत. म्हणत, "कात टाकलेला प्राणी आणि नुकतं रडलेलं माणूस, दोघांना काही काळ एकटं सोडावं."

मी माझ्या कविता त्यांना दाखवी. ते चष्मा कपाळावर नेऊन वाचत आणि कागद परत देताना एखादाच शेरा मारत. एका कवितेला ते म्हणाले, "पचायला हलकी आहे." मी रुसले. दोन दिवसांनी जिन्यात थांबवून त्यांनी खुलासा केला, "ती स्तुती होती."

आता मी समुद्राजवळच्या एका मोठ्या शहरात राहते. मासळीबाजारात कोळीण कोळंबीच्या पाठीतून ती काळी रेघ नखाने ओढून काढते आणि फेकून देते. मला दर वेळी मान वळवावी लागते. त्या बोटभर रेघेत एका माणसाने केवढे गाव पाहिले होते! धुळे सोडले तेव्हा आधी जीभ व्याकुळ झाली, मग कान. अक्काच्या 'शे'साठी, दुपारी पत्र्यावर वाजणाऱ्या उन्हासाठी, भिंतीपलीकडून येणाऱ्या आंबूस वासासाठी. सर म्हणत, गाव सोडले तरी गावची वस्ती काही दिवस पोटात तग धरते, मग एकेक करून उठून जाते. ती नेमकी कधी उठून गेली, हे मला कळले नाही. ते घर आता नाही. सर नाहीत, अक्का नाही. पण अजूनही कधी डब्यात विसरलेले पीठ आंबले, तर मी झाकण उघडून तशीच उभी राहते. आणि घरातली माणसे विचारतात, काय झाले.

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मार्गशीर्षातली गोष्ट. हौदात एक नर सर्वांत मोठा झाला होता. त्याच्या नांग्या मोरपिसासारख्या गर्द निळ्या झाल्या होत्या. सरांनी त्याला ओल्या फडक्यावर धरले. अक्का म्हणाली, "नांग्या बी मोज ना!" सर म्हणाले, "नाही. डोळ्याच्या खाचेपासून शेपटीच्या टोकापर्यंत. नियम आहे." मग पट्टी खाली ठेवून ते हळूच बोलले, "हा आता वाढायचा नाही. नांग्या अशा निळ्या झाल्या की त्यांची वाढ संपते. शिवाय थंडी पडली. गारठ्यात त्याचं पोटही झोपतं आणि पोटातली वस्तीही. जो काय व्हायचा तो एवढाच."

"मंग व्हयना का वितीएवढा?" अक्काने विचारले. झाला का, एवढेच तिला हवे होते.

इतकी वर्षे ज्या मापाकडे सर निघाले होते, ते माप त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांनी आपला हात पसरला, पाहिला, मिटला. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, जरा तुमची वीत दाखवा." मी दाखवली. त्यांनी मान हलवली. "तिची मोठी होती. बोटं लांब होती… असावीत." आणि मग, जणू वर्गातल्या फळ्यावर काही सापडत नसावे, तसे ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "एवढी वर्षं त्या हातचं जेवलो. हात पाहिला नाही मी."

त्याच आठवड्यात पेपर तपासायला मला जळगावला जायचे होते. सरांनी एक पांढरा दोरा माझ्या हातात दिला. "तिला सांगू नका कशासाठी ते. सहज मोजून आणा." बायकोची वीत सहज कशी मोजून आणतात, हे काही त्यांनी सांगितले नाही.

बाई शाळेमागच्या दोन खोल्यांत राहत. मी गेले तेव्हा त्या मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांवर भरताची वांगी भाजत होत्या. धुरात हिरव्या मिरचीचा ठसका, वांग्याच्या सालीचा करपट गोडवा. मी सरांच्या घरची भाडेकरू, एवढे सांगताच त्यांनी पाट दिला. मग पातीचा कांदा चिरत एकेक विचारत राहिल्या. अक्काचे गुडघे कसे आहेत? खालच्या नळाला पाणी येते का? सरांचे नाव नाही.

मी दोरा बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. त्यांनी ते पाहिले.

"वीत मागितली का त्यांनी?"

मी खोटे बोलू शकले नाही. त्या हसल्या. इतक्या जोरात हसल्या की डोळ्यांत पाणी आले. धुराने आले, असे त्या म्हणाल्या. "म्हणजे ठाऊक नाही त्यांना! मी म्हटलं, माणूस मोजमापाचा आहे, निदान हे तरी मोजून ठेवलं असेल."

त्यांनी काजळी धुतली, पदराला हात पुसला आणि पाटावर पंजा उघडला. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या. लांब, निमुळती, गाणाऱ्या माणसाची बोटे. मी दोरा जवळ नेला.

"खरंच वाढलाय का हो तो?" त्यांनी विचारले.

"वाढलाय. पण आता आणखी वाढायचा नाही, असं सर म्हणतात."

बाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. आणि मग, थंडीत फूल मिटावे तशी, त्यांची बोटे किंचित आत आली.

"घ्या मोजून."

"बाई, बोटं पूर्ण ताणा ना."

"एवढीच ताणतात आता," त्या म्हणाल्या. "भरीत थंड होतंय. जेवून जा."

धुळ्याला परतले त्या संध्याकाळी सर आणि अक्का दोघेही अंगणात वाट पाहत होते. निळ्या नांग्यांचा झिंगा ओल्या फडक्यावर आला. सरांनी दोरा त्याच्या अंगाशी धरला. झिंगा दोऱ्याहून जवभर मोठाच भरला. अक्काने टाळी वाजवली. "व्हयना बठ्ठं! धाड निरोप!"

सरांनी झिंगा पाण्यात सोडला आणि दोरा घेऊन ते आतल्या खोलीत गेले. तिथे बाईंची पेटी खोळीत झाकलेली होती. मी तिला कोणी हात लावताना कधी पाहिले नव्हते. सरांनी खोळ काढली, दोऱ्याचे एक टोक खालच्या षड्जाच्या पट्टीवर ठेवले आणि दुसरे ताणले. ते वरच्या षड्जापर्यंत पोचेना.

"ती गायला बसली की आधी दोन्ही सा एकदम धरायची," ते म्हणाले. "एकाच हातानं. तो आवाज मला पाठ आहे. ही तिची वीत नाही."

"बाईंचीच आहे, सर. आधी त्यांनी हात पूर्ण उघडला होता. मी दोरा लावला तेव्हा बोटं आत घेतली."

"म्हणजे मोजमाप चुकलं."

"चुकनं नही रे भाऊ!" अक्का दारातून जवळजवळ किंचाळली. "तिनी चुकाडं! तिले येवानं शे!"

सर पेटीपुढे खाली बसले. दोरा त्यांनी बोटाला गुंडाळला नाही, खिशातही घातला नाही. तो पट्ट्यांवर तसाच पडून राहिला. मग त्यांनी भाता एकदा उघडून मिटला. सूर न लावलेल्या पेटीतून नुसता श्वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते जळगावला गेले. पिशव्या नाहीत, बादली नाही, ओला टॉवेल नाही. पोटात काही न घेता गेले, म्हणून अक्का दिवसभर कुरकुरत होती आणि दिवसभर रस्त्याकडे पाहत होती.

ऊन कलताना रिक्षा थांबली. सर उतरले, मग बाई उतरल्या. हातात एकच पिशवी. ती राहायला येणाऱ्या माणसाची होती की भेटायला येणाऱ्या, हे पाहून सांगता आले नसते. उंबऱ्याकडे न वळता त्या थेट हौदापाशी आल्या.

"दाखवा."

सरांनी बाह्या वर केल्या, हात पाण्यात घातला. गर्द निळ्या नांग्या हवेत उघडल्या, मिटल्या. बाई वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी आपला हात त्याच्या शेजारी धरला. या वेळी पूर्ण उघडून, करंगळी थरथरेपर्यंत ताणून.

"कमी आहे," सर म्हणाले. त्यांना दुसरे काही म्हणता येणे शक्यच नव्हते.

"दिसतंय. मग परत जाऊ?"

सरांनी झिंगा पाण्यात सोडला. ओले हात तसेच अंगापासून दूर धरून ते उभे राहिले.

"वाढेल," ते म्हणाले. "उन्हाळा लागला की वाढेल. तोवर थांबावं लागेल."

अक्काने काही बोलायला तोंड उघडले. मी तिचे मनगट घट्ट दाबले.

"नक्की?" बाईंनी विचारले.

"नक्की," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. जन्मात कधी खोटा निष्कर्ष न मांडलेला तो माणूस पाण्याकडे पाहत होता, आणि बाई त्याच्याकडे.

मग बाईंनी हातातली पिशवी अक्काकडे दिली, आणि चपला काढल्या.